सेवा ज्यांच्यासाठी, विचारविनिमय त्यांच्यासह

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात ‘नव्या सेवांच्या उभारणीत ग्राहक व पुरवठादार यांचा सहभाग’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



 

विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बुद्धवंदना ज्या सभागृहात झाली, त्याच सभागृहात ग्राहक आणि पुरवठादार यांची चर्चा कशासाठी? या प्रश्नाला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या आपल्या पहिल्या पिढीने बहुतांशी नोकरी केली. परंतु आपली मुले-मुली आता स्वतःचे व्यवसाय काढू लागली आहेत. कोणी हिशेबनिसाची कचेरी चालवितो, कोणी संगणकसेवा देतो, कोणी भगिनी घरून जेवणाचे डबे पुरविते, कोणी मिनीकॅब चालवितो. हे सर्व व्यवसाय वस्तूंचे नसून सेवांचे आहेत. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. आपल्या कार्यकारिणीने आज सभेपुढे एक ठराव ठेवला आहे. आपल्यातील वयोवृद्धांसाठी नियमित साहाय्यसेवा सुरू करावी, आठवड्यातून एकदा घरपोच जेवण द्यावे, रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय करावी आणि महिन्यातून एकदा घरभेट घ्यावी, असा तो ठराव आहे. ठराव स्तुत्य आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र त्याला एक दुरुस्ती सुचविण्याची मी आपली अनुज्ञा मागणार आहे. त्या दुरुस्तीमागील विचार स्पष्ट व्हावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम सेवा म्हणजे काय, हे पाहू. खुर्ची कारखान्यात तयार होते, दुकानात येते आणि मग कोणीतरी ती विकत घेतो. घेणारा कोण, हे सुताराला ठाऊक नसले तरी खुर्ची पूर्ण होऊ शकते. सेवेचे तसे नाही. न्हावी, शिक्षक, वैद्य, परिचारिका यांची सेवा ती देताना आणि घेतानाच अस्तित्वात येते. रुग्णाने आपली व्यथा सांगितली नाही तर वैद्याची विद्या अर्धीच राहते. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला नाही तर शिक्षकाचा पाठ भिंतीला दिल्यासारखा होतो. म्हणजे सेवा घेणारा हा त्या सेवेचा अर्धा कर्ता असतो. त्याचप्रमाणे कोणतीही सेवा एकट्याच्या हातून होत नाही. डबा देणारीमागे भाजीवाला, पिठवाला, गाडीवाला उभे असतात. त्यांपैकी एकाचा जरी हात आखडला तरी दुपारी बाराचा डबा दोन वाजता पोहोचतो. ज्यांच्या वाचून सेवा घडूच शकत नाही, त्या दोघांना, म्हणजे घेणाऱ्याला आणि पुरविणाऱ्याला, ती सेवा ठरविताना मात्र बाहेर बसवावयाचे, ही आपली सर्वसाधारण रीत आहे. योजना चार भिंतींच्या आत आखली जाते. ग्राहकाला जाहिरात मिळते आणि पुरवठादाराला मागणीपत्र.

ही रीत बाजूला पडली की काय घडते, याचे एक ठळक उदाहरण आपल्या या देशाशी निगडित आहे. त्या काळी बर्कशायर परगण्यातील न्यूबरी येथे मुख्यालय असलेल्या व्होडाफोन कंपनीने केनियात तेथील सफारीकॉम या भागीदार कंपनीच्या द्वारे एक प्रयोग हाती घेतला. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने त्यासाठी जवळजवळ दहा लाख पौंडांचे साहाय्य दिले आणि तेवढाच भार कंपनीने उचलला. प्रयोगाचे नाव ‘एम-पेसा’. ‘एम’ म्हणजे मोबाइल आणि ‘पेसा’ हा स्वाहिली भाषेतील शब्द आपल्या ‘पैसा’ या शब्दाशी नाते सांगणारा मानला जातो.

मूळ कल्पना अगदी मर्यादित होती. केनियातील गोरगरीब स्त्रीपुरुष गट करून लघुकर्ज घेत, दर आठवड्यास बैठकीला जमत आणि रोख हप्ता भरीत. हा हप्ता मोबाइलवरून भरता यावा, म्हणजे रोकड बाळगण्याचा धोका टळेल आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे कामही सोपे होईल, असा योजकांचा हिशेब होता. निक ह्यूझ यांनी ही कल्पना मांडली आणि सूझी लोनी या बाईंनी नैरोबीस राहून ती प्रत्यक्षात आणली. २००५ च्या ऑक्टोबरात नैरोबी आणि थिका या भागांत काही शेकडा कर्जदार आणि मोजके दुकानदार घेऊन चाचणी सुरू झाली. फौलू केनिया ही लघुकर्जसंस्था भागीदार होती.

चाचणीत जे दिसले, ते योजकांनी योजिलेच नव्हते. लोक हप्ते भरीत होतेच. पण त्याशिवाय ते या सेवेचा उपयोग आपापल्या गरजेप्रमाणे करू लागले. बँका लवकर बंद होत आणि एजंटाचे दुकान उशिरापर्यंत उघडे असे, म्हणून काही व्यापारी दिवसाची विक्री रात्रीपुरती फोनमध्ये ठेवू लागले, जणू ती त्यांची तिजोरीच. प्रवासाला निघालेला माणूस एका गावी रोकड जमा करी आणि दुसऱ्या गावी उतरल्यावर काढून घेई, म्हणजे वाटेत लुटले जाण्याचे भय नाही. छोटे दुकानदार एकमेकांची देणी त्यातून भागवू लागले. आणि जे नगरात कामधंद्याला आले होते, ते गावाकडील आप्तांना पैसे आणि फोनचा टॉकटाइम पाठवू लागले. ज्यांना या चाचणीशी काही देणेघेणे नव्हते, अशा आप्तांपर्यंत ती सेवा आपोआप पोहोचली.

येथे योजकांपुढे दोन मार्ग होते. आम्ही कर्जाच्या हप्त्यासाठी सेवा दिली, तुम्ही तिचा भलताच वापर करता, असे म्हणून नियम कडक करता आले असते. त्यांनी दुसरा मार्ग धरला. ग्राहकांनी आपल्या वर्तनातून जे सांगितले, ते त्यांनी ऐकले. मार्च २००७ मध्ये सेवा देशभर खुली झाली, तेव्हा हप्त्याचा विषय मागे पडला होता आणि जाहिरातीत एकच साधे वाक्य होते: घरी पैसे पाठवा. वर्ष पुरे होण्याच्या आत तिचे ग्राहक दहा लाखांच्या पुढे गेले. पुढे २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, या सेवेमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे एकूण कुटुंबांपैकी दोन टक्के, दारिद्र्याच्या बाहेर आली आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून छोट्या व्यापार-उद्योगाकडे वळल्या.

घरी पैसे पाठवा! हे तीन शब्द आपल्याला कोणी समजावून सांगावयास नकोत. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला आले. महिनाअखेरीस ते मनीऑर्डर करीत आणि गावी पोस्टमनची वाट पाहत अख्खे घर बसे. नैरोबीतील त्या मजुराची गरज काय होती, हे आपल्या आजीने एका वाक्यात सांगितले असते. न्यूबरीच्या कचेरीतील विद्वानांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते. म्हणून त्यांची थोरवी यात की, ठाऊक नसलेली गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांच्याकडून ते शिकले.

आता पुरवठादाराची बाजू पाहू. एम-पेसाची खरी भिंत म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचा एजंट, एक साधा दुकानदार. ग्राहकाने रोकड जमा केली की दुकानदाराच्या फोनमधील शिल्लक कमी होते आणि गल्ल्यातील रोकड वाढते. ग्राहकाने पैसे काढले की उलट. आता नगरात सारे जमा करणारे आणि खेड्यात सारे काढणारे. मग नगरातील दुकानदाराच्या फोनमधील शिल्लक संपते आणि खेड्यातील दुकानदाराचा गल्ला रिकामा होतो. खेड्यातील म्हातारी चार मैल चालत आली आणि दुकानदार म्हणाला, ‘रोकड नाही, उद्या या,’ तर तिच्या दृष्टीने सेवा तेथेच मेली. ही अडचण कागदावरच्या आराखड्यात ठसठशीत दिसत नाही. ती गल्ल्यावर बसणाऱ्याला दररोज दिसते. तिच्यावर उपाय काढताना शिल्लक आणि रोकड यांची अदलाबदल करून देणारे मोठे एजंट नेमण्यात आले, नंतर बँकाही त्या कामी आल्या. जमा करणाऱ्या ग्राहकाकडून शुल्क घेतले जात नाही, तरी त्या व्यवहाराबद्दल दुकानदाराला मोबदला मिळतो, अशी व्यवस्था केली गेली. पुरवठादाराचे पोट भरले तरच सेवा टिकते, हे त्यामागील साधे सूत्र आहे.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा प्रयोग सोपा ठरला नाही. तिची हिशेबाची पद्धत निराळी, फोनवरून आलेल्या हप्त्यांच्या नोंदी पुन्हा हाताने कराव्या लागत, आणि सभासद साप्ताहिक बैठकीस येईनासे झाले तर गटाची एकजूट सैल होईल, ही तिची चिंता होती. ज्या भागीदारासाठी सेवा आरंभली, तिची गरज अखेरीस बाजूस राहिली. आणखी असे की, हीच सेवा २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आली. तेथे बँकेत खाते असणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, नियम वेगळे होते, लोकांच्या सवयी वेगळ्या होत्या. २०१६ मध्ये ती तेथे बंद करावी लागली. भारतातही ती २०१३ मध्ये आली आणि २०१९ मध्ये गुंडाळली गेली. एका गावच्या माणसांना विचारून शिवलेला अंगरखा दुसऱ्या गावच्या माणसाच्या अंगावर बसेलच असे नाही. लंडनच्या एखाद्या मंडळाने चांगली सेवा चालविली, म्हणून ती जशीच्या तशी आपण उचलावी असे जे कोणी म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा.

बंधू-भगिनींनो, हे सारे आजच्या व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढले असे कोणी समजू नये. जो धम्म बाबासाहेबांनी आपल्या हाती दिला, त्याच्या इतिहासात याहून जुने आणि याहून सुंदर उदाहरण आहे. विनयपिटकाच्या महावग्गात विशाखेची कथा येते. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही तिच्या दानशीलतेचे वर्णन आहे. श्रावस्तीच्या या उपासिकेने एकदा भगवंतांना संघासह भोजनाचे निमंत्रण दिले. त्या वेळी मोठा पाऊस झाला. भोजन तयार असल्याचे सांगावयास गेलेल्या दासीला भिक्खू उघड्यावर पावसात विवस्त्र स्नान करताना दिसले आणि हे भिक्खू नसून दुसऱ्या पंथाचे नग्न साधू असावेत, असे समजून ती परत आली. विशाखेच्या ध्यानात खरी गोष्ट आली. भोजनानंतर तिने भगवंतांकडे आठ वर मागितले: पावसाळ्यात भिक्खूंना स्नानवस्त्र, नव्याने येणाऱ्या भिक्खूला भोजन, निघून जाणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला औषध, नित्य पेज, आणि भिक्खुणींना स्नानवस्त्र देण्याची मुभा जन्मभर मिळावी.

भगवंतांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी विचारले की, कोणते प्रयोजन पाहून तू हे मागतेस? आणि विशाखेने प्रत्येक गोष्टीचे कारण सांगितले. नव्याने आलेल्या भिक्खूला गल्ल्या ठाऊक नसतात, भिक्षा कोठे मिळेल ते कळत नाही, तो थकलेला असतो. निघणारा भिक्षेसाठी हिंडत बसला तर त्याचा तांडा पुढे निघून जातो. आजाऱ्याला योग्य अन्न मिळाले नाही तर आजार वाढतो. शुश्रूषा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी बाहेर गेला तर आजाऱ्याचे जेवण उशिरा येते. भिक्खुणी अचिरवती नदीवर ज्या घाटावर स्नान करीत, तेथे गणिकाही येत आणि त्या भिक्खुणींची थट्टा करीत. ही सर्व कारणे ऐकून भगवंतांनी आठही गोष्टींना अनुमती दिली.

या कथेकडे आपण नेहमी दानाची कथा म्हणून पाहतो. आज मी तिच्याकडे सेवेच्या उभारणीची कथा म्हणून पाहावयास सांगतो. विशाखा ही संघाची पुरवठादार होती. तिने आपल्याकडे काय शिल्लक आहे ते दिले नाही. घेणाऱ्याच्या दिवसात अडचण नेमकी कोठे येते, ते पाहून दिले. शुश्रूषा करणाऱ्यालाही भूक लागते, हे किती जणांच्या लक्षात येते? आणि भगवंतांनी पुरवठादाराला केवळ आज्ञा केली नाही. तिचे निरीक्षण ऐकून घेतले, प्रयोजन विचारले आणि मग नियम केला. वर्षावासाचा नियमही असाच झाला. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवे गवत आणि लहान जीव त्यांच्या पायाखाली तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यानंतर भगवंतांनी वर्षावासाची आज्ञा केली. संघाचे कितीतरी नियम अशा घडलेल्या प्रसंगांतून जन्मले आहेत.

आता बाबासाहेबांकडे वळू. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी जो मुद्दा मांडला, तो असा की, अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे. दुसऱ्याने कितीही सदिच्छेने बोलले तरी ते त्यांचे प्रतिनिधित्व ठरत नाही. पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि लगेच, ऑगस्ट १९४२ मध्ये, दिल्लीस त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार हे तिन्ही पक्ष तेथे एका मेजाभोवती बसले. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. त्या कायद्याने जे महामंडळ स्थापन झाले, त्यावर कोण असावे याची तरतूद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सेवा घेणाऱ्या कामगारांचे प्रतिनिधी आहेत, वर्गणीचा मोठा वाटा भरणाऱ्या मालकांचे आहेत, सरकारांचे आहेत आणि औषधोपचार पुरविणाऱ्या वैद्यकीय व्यवसायाचेही आहेत. आजच्या व्यापाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर ग्राहक आणि पुरवठादार यांना कायद्यानेच सभागृहात आसन दिले गेले.

म्हणून मी म्हणतो की, हा विषय आपल्याला परका नाही. आपल्यासाठी काय चांगले, हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले. विहीर कोणती, वस्ती कोठे, धंदा कोणता, हे ठरविताना आपल्याला कोणी विचारले नाही. तो अनुभव ज्या समाजाच्या अंगात भिनला आहे, त्याने तरी आपल्या वृद्धांसाठी, आपल्या स्त्रियांसाठी, आपल्या मुलांसाठी योजना करताना त्यांना न विचारण्याची रीत चालवू नये.

परंतु विचारावयाचे म्हणजे कसे? हे शिकण्यासारखे आहे, कारण वाईट रीतीने विचारणे हे न विचारण्यासारखेच असते. माझ्या मते चार पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य: ‘तुम्हाला काय हवे?’ असे एकदम विचारू नये. आपली वृद्ध माणसे संकोची आहेत. ‘काही नको बाबा, तुम्ही करता तेच पुष्कळ,’ असे उत्तर हमखास येईल. त्याऐवजी कालचा दिवस कसा गेला, ते विचारावे. सकाळी किती वाजता उठलात, औषध कोणी दिले, जेवलात केव्हा, एकट्याने की कोणाबरोबर, दवाखान्यातून आलेले पत्र कोणी वाचून दाखविले? गरज ही मागणीत क्वचित दिसते, दिनक्रमात हटकून दिसते.

दुसरे पथ्य: सभेत बोलणाऱ्यांवरच विसंबू नये. जी बाई सभेला येतच नाही, जिला इंग्रजी येत नाही, जिचा पती गेल्यावर घर मुके झाले आहे, तिचे मत घरी जाऊन घ्यावे लागेल, आणि तेही शक्यतो एखाद्या उपासिकेने. स्मृतिभ्रंश झालेली माणसे पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा विसरतात आणि मातृभाषेकडे परततात, हे शुश्रूषा करणाऱ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला जेवणापेक्षाही मराठीतील चार शब्द अधिक मोलाचे वाटत असतील. ते आराखड्यात कोठे आहेत?

तिसरे पथ्य: पुरवठादाराला आरंभीच बोलवावे, दर ठरविण्यापुरते शेवटी नव्हे. डबे करणाऱ्या आपल्या भगिनींना विचारा. त्या सांगतील की, या देशात खाद्यपदार्थांचा व्यवसाय सुरू करण्यापूर्वी निदान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. अन्नातील १४ प्रकारच्या बाधक घटकांची माहिती घेणाऱ्याला द्यावी लागते. मधुमेह्यासाठी भाताऐवजी भाकरी द्यावयाची तर ज्वारीचे पीठ कोठून आणि काय भावाने येते. मिनीकॅब चालविणारे बंधू सांगतील की, भाडे घेऊन माणसे न्यावयाची तर परवाना कोणता आणि विमा कोणता लागतो. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता सांगेल की, कोणाची औषधे आठवडाभर नेली गेलेली नाहीत हे त्याला कळते. मात्र ती माहिती रुग्णाच्या संमतीवाचून दुसऱ्याला देता येत नाही. हे ज्ञान कार्यकारिणीच्या कपाटात नाही. ते ज्यांच्या हातात आहे, त्यांना मान देऊन बोलाविले तरच ते मिळेल. आणि समाजकार्य आहे, म्हणून त्यांनी तोटा सोसावा अशी अपेक्षा धरू नये. ज्या भगिनीने पहाटे उठून डबे करावयाचे, तिच्या श्रमाचे मोल ठरविताना तिचे म्हणणे ऐकले गेले नाही, तर ती सहा महिन्यांत थकेल आणि सेवा बंद पडेल. विशाखेने शुश्रूषा करणाऱ्याच्या जेवणाची चिंता केली, ती यासाठीच.

चौथे पथ्य: आरंभ लहान करावा आणि ऐकलेल्या गोष्टीचे काय झाले ते परत जाऊन सांगावे. दहा घरे घ्या, तीन महिने घ्या. त्या काळात लोक सेवेचा उपयोग निराळ्याच रीतीने करू लागले तर रागावू नका; तेच तुमचे उत्तर असेल. घरपोच डब्यापेक्षा आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून जेवावे, असे आजी-आजोबा सुचवतील. कदाचित गाडीपेक्षा बरोबर येणारा दुभाषी त्यांना हवा असेल. आणि ज्याची सूचना मानता आली नाही, त्यालाही कारण सांगा. ज्याला एकदा विचारले आणि पुन्हा विसरले, तो दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सर्वांना विचारीत बसलो तर काम कधी होणार? शिवाय प्रत्येकाचे ऐकले तर सेवेचा आकारच उरणार नाही. मी असे म्हणत नाही की, निर्णय घेण्याची जबाबदारी कार्यकारिणीने टाळावी. ऐकणे सर्वांचे, निर्णय जबाबदार व्यक्तींचा, हा क्रम योग्यच आहे. भगवंतांनी विशाखेचे ऐकले. अनुमती मात्र विचारपूर्वक स्वतः दिली. ग्राहकाला आपली अडचण कळते, तिच्यावरचा उपाय कळेलच असे नाही. पुरवठादाराला आपले काम कळते, साऱ्या सेवेचे चित्र त्याच्यापुढे असेलच असे नाही. हे सर्व धागे एकत्र विणणे हे चालकाचे काम आहे आणि ते कोणीही त्याच्याकडून काढून घेत नाही. विचारण्यात दोन महिने जातील, हे मला मान्य आहे. पण न विचारता उभारलेली सेवा वर्षभराने मोडते, तेव्हा त्या दोन महिन्यांच्या कितीतरी पट श्रम आणि त्याहून अधिक विश्वास वाया जातो.

आपले व्यवसाय करणाऱ्या तरुण-तरुणींनाही हेच सांगणे आहे. नवी सेवा बाजारात आणण्याआधी आपल्या पाच ग्राहकांच्या कामाच्या जागी जाऊन एकेक दिवस बसा. आपल्या पुरवठादाराला विचारा की, आमच्या कोणत्या सवयीने तुम्हाला विनाकारण खर्च पडतो. ज्याच्या सूचनेने तुमचा लाभ झाला, त्याला श्रेय द्या आणि शक्य असेल तेथे लाभात वाटा द्या. ग्राहकाची कल्पना घ्यावयाची आणि पुरवठादाराची मान पिळावयाची, अशा व्यवहाराला सम्यक आजीविका म्हणता येणार नाही.

आता माझी दुरुस्ती. ठरावात जेथे ‘कार्यकारिणी योजना निश्चित करील’ असे शब्द आहेत, तेथे पुढीलप्रमाणे बदल करावा: योजना निश्चित करण्यापूर्वी एक समिती नेमावी, तिच्यातील निम्मे सदस्य साठी ओलांडलेले असावेत आणि त्यांत निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात, डबे पुरविणाऱ्या, वाहन चालविणाऱ्या आणि शुश्रूषेचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी प्रत्येकी एकाला तिच्यात स्थान असावे, या समितीने दहा घरांत तीन महिने चाचणी घेऊन सर्वसाधारण सभेपुढे अहवाल ठेवावा, आणि त्या अहवालात कोणती सूचना मानली, कोणती मानली नाही आणि का, हे लिहावे.

ज्या पिढीने परक्या देशात, परक्या भाषेत, थंडी-पावसात राबून आपल्याला येथे उभे केले, ती पिढी आज थकली आहे. तिच्या दारात आपण जेवणाचा डबा घेऊन जाणार आहोत. जाण्यापूर्वी एकदा रिकाम्या हातांनी जाऊ, तिच्याजवळ बसू आणि तिचे ऐकू. माझी दुरुस्ती सभेने विचारात घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!